कमिट करताना आणि पॅच लावताना कोडची शैली आपोआप तपासायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: रेपोमध्ये (गिटने सांभाळलेल्या कोडच्या साठ्यात) प्री-कमिट हुक, म्हणजे कमिट (बदलांची नोंद) होण्याआधी गिट आपोआप चालवतो ती स्क्रिप्ट, टाकलेला आहे आणि आपण स्वतः कमिट करताना तो नीट अडवतो. पण इतरांनी मेलने पाठवलेले पॅच (बदलांच्या फाइली) 'गिट एएम' या आज्ञेने लावले की ओळीच्या शेवटच्या स्पेस, टॅब-स्पेसची सरमिसळ, वाकडंतिकडं इंडेंटेशन, सगळं बिनबोभाट आत येतं. असं का होतं? आणि दोन्ही वाटांवर एकच तपासणी कशी बसवायची?

हुक बिघडलेला नाही. 'गिट एएम' प्री-कमिट हुक चालवतच नाही. त्याचे स्वतःचे वेगळे तीन हुक आहेत. 'अप्लायपॅच-एमएसजी' पॅच लागण्याआधी चालतो आणि त्याच्या हातात फक्त कमिटचा संदेश असतो. 'प्री-अप्लायपॅच' पॅच लागल्यावर, पण कमिट होण्याआधी चालतो. 'पोस्ट-अप्लायपॅच' सगळं उरकल्यावर चालतो, त्यामुळे तो फक्त निरोप देऊ शकतो, अडवू शकत नाही. आपल्याला हवा तो मधला. 'गिट अप्लाय' (पॅच नुसता फाइलींवर लावणारी आज्ञा) मात्र कमिटच करत नाही, म्हणून त्याला कुठलाच हुक नाही. त्याच्यासाठी वेगळी सोय आहे, तिच्याकडे पुढे येतो.

सगळ्यात छोटं उत्तर तुमच्या रेपोत आधीपासूनच पडलेलं आहे. '.गिट/हुक्स' फोल्डरमध्ये 'प्री-अप्लायपॅच.सॅम्पल' नावाची फाइल असते. ती उघडून पाहा. प्री-कमिट हुक अस्तित्वात आहे आणि चालवता येण्याजोगा आहे, तर तोच चालव, एवढंच तिच्यात लिहिलंय. नावातलं '.सॅम्पल' काढा, एक्झिक्युट परवानगी आहे ना ते बघा, झालं. 'अप्लायपॅच-एमएसजी.सॅम्पल'ही असाच 'कमिट-एमएसजी' हुकला हाक मारतो. हे जमून येतं कारण 'गिट एएम' पॅच इंडेक्समध्येही (पुढच्या कमिटसाठी तयार ठेवलेल्या प्रतीतही) लावतो. प्री-अप्लायपॅच चालतो त्या क्षणी इंडेक्स आणि हेड (शेवटचं कमिट) यांतला फरक म्हणजे नेमका तो पॅच. प्री-कमिटच्या वेळीही परिस्थिती हुबेहूब तीच असते.

आता ज्या हुकला हाक मारायची तो कसा असावा, इथे खरी मेख आहे. बहुतेक घरगुती हुक फाइल डिस्कवरून वाचतात आणि तिथेच फसतात. कमिटमध्ये जातो तो इंडेक्स, डिस्कवरची फाइल नव्हे. 'गिट अॅड -पी'ने अर्धीच फाइल स्टेज केली (इंडेक्समध्ये घातली) असेल तर दोन्हींत फरक असतो. मग दोन प्रकारे घोटाळा होतो: स्टेज न केलेल्या ओळीतल्या चुकीसाठी कमिट अडतं, किंवा स्टेज केलेली चूक नंतर डिस्कवर दुरुस्त केलेली असते म्हणून हुक 'सगळं ठीक' म्हणतो आणि चूक आत जाते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

इंडेक्स तपासण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे 'गिट डिफ --कॅश्ड --चेक'. यासाठी वेगळं टूल लागत नाही, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि तो फक्त नव्याने आलेल्या ओळी बघतो. नमुन्याचा प्री-कमिट हुक शेवटी हेच करतो, फक्त 'डिफ-इंडेक्स' वापरून. रेपोत एकही कमिट नसेल तर हेड नसतं, म्हणून तो तेव्हा रिकाम्या ट्रीशी (एकही फाइल नसलेल्या फोल्डरच्या नोंदीशी) तुलना करतो. जुन्या नमुन्यांत '४बी८२५डीसी'पासून सुरू होणारा जो लांबलचक हॅश (गिटने दिलेला ओळखक्रमांक) दिसायचा तो त्या रिकाम्या ट्रीचा. चूक सापडली की फाइलचं नाव, ओळ क्रमांक, 'ट्रेलिंग व्हाइटस्पेस' अशी तक्रार आणि खाली ती ओळ छापली जाते. मर्ज करताना (दोन ब्रँच एकत्र करताना) चुकून राहिलेल्या '<' हे चिन्ह सात वेळा छापाच्या खुणाही तो पकडतो. एवढ्या एका गुणासाठीसुद्धा मी हा हुक प्रत्येक रेपोत ठेवतो.

काय चूक मानायचं ते 'कोअर.व्हाइटस्पेस' ही गिटची सेटिंग ठरवते. मुळात तीन गोष्टी चालू असतात: ओळीच्या शेवटी स्पेस, फाइलच्या शेवटी रिकाम्या ओळी, आणि इंडेंटमध्ये टॅबच्या आधी स्पेस. 'टॅब-इन-इंडेंट' (इंडेंटमध्ये टॅब ही चूक) आणि 'इंडेंट-विथ-नॉन-टॅब' (इंडेंटमध्ये टॅबऐवजी स्पेस ही चूक) हे बंद असतात आणि एकमेकांच्या विरुद्ध आहेत. प्रकल्पाच्या रीतीप्रमाणे त्यांतला एक चालू करायचा. पण हे कॉन्फिगमध्ये लिहिलंत तर तुमच्याच मशीनवर राहील. ते '.गिटअॅट्रिब्यूट्स'मध्ये लिहा. ती फाइल कमिट होते, सगळ्यांकडे जाते, आणि फाइलच्या प्रकारानुसार नियम बदलता येतात. पायथॉनला इंडेंटमध्ये टॅब नको, मेकफाइलला मात्र टॅबशिवाय चालतच नाही. मार्कडाउनमध्ये ओळीच्या शेवटच्या दोन स्पेसचा अर्थ 'इथे ओळ तोडा' असा असतो, म्हणून तिथे 'ब्लँक-अॅट-ईओएल' (ओळीच्या शेवटच्या स्पेसचा नियम) बंद ठेवावा.

आणि एक फाइलप्रकार बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: रेपोत ठेवलेल्या पॅच फाइली. पॅकेजिंगच्या रेपोंमध्ये त्या ढिगाने असतात. डिफमध्ये संदर्भासाठी दिलेली रिकामी ओळ एका स्पेसने दाखवलेली असते, त्यामुळे तपासणी अशा प्रत्येक ओळीवर ओरडते. त्रासून कुणीतरी संपादकाला 'शेवटच्या स्पेस काढ' म्हणून सांगतं, आणि मूळ फाइलमध्ये ज्या ओळीला खरोखरच शेवटी स्पेस होती ती वजा-चिन्हाची ओळ आता मूळ ओळीशी जुळत नाही. पॅच लागायचा बंद होतो. '*.पॅच' आणि '*.डिफ' यांना '-व्हाइटस्पेस' लावून पूर्ण वगळा.

आता स्पेसच्या पुढची शैली: इंडेंटेशन, कंसाची जागा, ओळीची लांबी. इथे मी दोन गट करतो. गो, रस्ट, पायथॉन यांसारख्या भाषांत जिथे फॉरमॅटरचा (कोड ठरलेल्या शैलीत मांडणाऱ्या टूलचा) शब्द अंतिम मानला जातो, आणि सगळा कोड आधीच त्या रूपात आहे, तिथे अख्खी फाइल तपासायला हरकत नाही. 'जीओएफएमटी -एल' किंवा 'ब्लॅक --चेक' चालवा. इंडेक्समधली प्रत हवी म्हणून 'गिट चेकआउट-इंडेक्स'ला '--प्रीफिक्स' देऊन ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढा आणि तिथे तपासा. फाइलींची यादी 'गिट डिफ --कॅश्ड --नेम-ओन्ली --डिफ-फिल्टर=एसीएमआर -झेड' अशी घ्या. 'एसीएमआर'मुळे पुसलेल्या फाइली गळतात आणि '-झेड'मुळे नावात स्पेस असलेल्या फाइली तुटत नाहीत. फॉरमॅटरची कॉन्फिग फाइलही त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये आली पाहिजे, नाहीतर तो स्वतःच्या मूळ सवयीने तपासतो आणि निष्पाप ओळींवर बोट ठेवतो.

दुसरा गट म्हणजे वर्षानुवर्षांचा सी किंवा सी++ कोड, ज्यात निम्म्या फाइली कुठल्याच नियमात बसत नाहीत. तिथे अख्खी फाइल तपासलीत तर एक ओळ बदलणाऱ्याला तीनशे ओळींचा जाब द्यावा लागतो, आणि आठवड्याभरात सगळे हुक टाळायला शिकतात. तिथे फक्त बदललेल्या ओळी तपासायच्या. क्लँग-फॉरमॅट या सी-सी++च्या फॉरमॅटरसोबत येणारी 'गिट-क्लँग-फॉरमॅट' ही स्क्रिप्ट नेमकं हेच करते. तिला '--डिफ' दिलं की काही न बदलता फक्त फरक दाखवते. पॅचवर चालणाऱ्या तपासणीचा सगळ्यात जुनाजाणता नमुना म्हणजे लिनक्स कर्नलची 'चेकपॅच.पीएल' ही पर्ल स्क्रिप्ट. ती थेट पॅचची फाइल वाचते, म्हणजे पॅच लावायच्या आधीच निकाल कळतो. तक्रारींचे तिने एरर, वॉर्निंग आणि चेक असे दर्जे केले आहेत. 'चेक' दर्जाच्या तक्रारी '--स्ट्रिक्ट' दिल्यावर दिसतात. हे वर्गीकरण तुमच्या स्क्रिप्टमध्येही उचलण्यासारखं आहे: एररवर अडवा, वॉर्निंगवर फक्त बोला. कर्नलच्या दस्तऐवजांतही स्पष्ट म्हटलंय की ही स्क्रिप्ट मार्गदर्शक आहे, माणसाच्या समजेला पर्याय नाही. ८० अक्षरांपुढच्या ओळीवरची तिची प्रसिद्ध वॉर्निंग २०२० मध्ये १०० वर नेली गेली, ती याच कारणाने. मर्यादा पाळण्यासाठी लोक ओळी अशा तोडत होते की वाचणाऱ्याला अधिकच त्रास.

पॅच लावताना तपासा, पण दुरुस्त करू नका. प्री-अप्लायपॅचमध्ये फॉरमॅटर चालवून बदल परस्पर कमिटमध्ये घालण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. सात पॅचची मालिका आहे समजा. तिसऱ्या पॅचनंतर फॉरमॅटरने दहा ओळी हलवल्या. पाचवा पॅच त्याच ओळींना संदर्भ धरून लिहिलेला आहे. त्याला आता त्या ओळी सापडत नाहीत आणि तो लागत नाही. शिवाय कमिटवर नाव राहतं पाठवणाऱ्याचं आणि आतला कोड असतो तुमच्या हुकचा. मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) पॅचमध्ये हात घातलाच तर कमिट संदेशात स्वतःच्या साइन-ऑफच्या (सहीच्या ओळीच्या) वर चौकटी कंसात तसं नोंदवायची कर्नलमधली रीत उगाच पडलेली नाही.

नुसत्या स्पेसचा प्रश्न असेल तर मात्र अपवाद करता येतो. 'गिट एएम --व्हाइटस्पेस=फिक्स' शेवटच्या स्पेस काढून पॅच लावतो, आणि या पर्यायात पुढचे पॅच जुळवताना संदर्भ ओळींतला स्पेसचा फरक गिट सांभाळून घेतो. हाच पर्याय 'गिट अप्लाय'लाही आहे आणि तीच त्याच्यासाठीची सोय. कायमसाठी 'अप्लाय.व्हाइटस्पेस' कॉन्फिगमध्ये ठेवा. मूळ किंमत 'वॉर्न' आहे, म्हणजे इशारा छापून पॅच लावून मोकळा. लांबलचक मालिका लावताना तो इशारा स्क्रीनवरून वर सरकून जातो आणि कुणी बघत नाही. मी 'एरर' ठेवतो. 'एरर-ऑल'ही आहे, तो सगळ्या चुका एकदम दाखवतो, पाठवणाऱ्याला परत कळवायचं असेल तर तो बरा.

'एरर'ने अडणं आणि प्री-अप्लायपॅचने अडणं यांत फरक आहे, आणि तो माहीत नसला की माणूस गोंधळतो. 'एरर'ने अडलं तर पॅच लागलेलाच नसतो, इंडेक्स जसाच्या तसा असतो. 'गिट एएम --अबॉर्ट' करून '--व्हाइटस्पेस=फिक्स'ने पुन्हा सुरुवात करणं सोपं. प्री-अप्लायपॅचने अडवलं तर पॅच लागलेला असतो, इंडेक्समध्येही असतो, फक्त कमिट झालेलं नसतं. अशा वेळी 'गिट स्टेटस' पाहिलं की बदल स्टेज झालेले आणि 'एएम चालू आहे' असं दिसतं. तुम्ही फाइल उघडता, दुरुस्त करता, 'गिट अॅड' करता आणि 'गिट एएम --कंटिन्यू' म्हणता. त्या वेळी हुक पुन्हा चालतो, म्हणजे दुरुस्तीचीही तपासणी होते. इथे सवयीने 'गिट कमिट' करू नका. तसं केलं तर लेखक म्हणून तुमचं नाव लागतं, पाठवणाऱ्याचा संदेश जातो, आणि नंतर '--कंटिन्यू' म्हटलं की गिट 'काही बदलच नाहीत' अशी तक्रार करतो. चालू पॅच मुळात काय होता ते बघायचं असेल तर 'गिट एएम --शो-करंट-पॅच=डिफ'.

स्वतःच्या कमिटच्या वेळी फॉरमॅटरने दुरुस्ती करावी का, यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत: संपादकात फाइल सेव्ह होताना दुरुस्ती व्हावी, हुकने फक्त हो-नाही सांगावं. हुकमध्ये 'गिट अॅड' करणं तर टाळाच. अर्धवट स्टेज केलेल्या फाइलवर ते केलं की तुम्ही मुद्दाम बाहेर ठेवलेल्या ओळीही कमिटमध्ये शिरतात. 'गिट कमिट'ला फाइलचं नाव दिलं तर प्रकरण आणखी बिकट होतं: तेव्हा गिट एक तात्पुरता इंडेक्स बनवतो आणि 'गिट_इंडेक्स_फाइल' या व्हेरिएबलमधून हुकला तोच दाखवतो. हुकने केलेला 'अॅड' त्या तात्पुरत्या इंडेक्समध्ये जातो, खऱ्या इंडेक्सला पत्ताच नसतो. कमिट झाल्यावर नेमका उलटा बदल स्टेज झालेला दिसतो आणि माणूस डोकं खाजवत बसतो.

आता हे सगळ्यांपर्यंत पोचवायचं कसं. '.गिट/हुक्स' क्लोनबरोबर (रेपोची प्रत घेताना) येत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुणाचाही रेपो क्लोन केला की त्याचा कोड आपल्या मशीनवर चालला असता. म्हणून तपासणीची एकच स्क्रिप्ट रेपोत ठेवा, समजा 'टूल्स/स्टाइल-तपास' या नावाने, आणि तिला दोन रूपं द्या: काही न सांगता चालवली तर इंडेक्स तपासेल, दोन कमिट दिले तर त्यांच्यामधला फरक. मग शेजारी 'टूल्स/हुक्स' फोल्डरमध्ये प्री-कमिट आणि प्री-अप्लायपॅच अशा दोन-दोन ओळींच्या फाइली, ज्या फक्त या स्क्रिप्टला हाक मारतात. प्रत्येकाने एकदा 'कोअर.हुक्सपाथ' त्या फोल्डरकडे वळवायचा. ही सोय २०१६ च्या गिट २.९ पासून आहे. तो वळवला की '.गिट/हुक्स'मधलं काहीच चालत नाही, हे ध्यानात असू द्या. तिथे जुना काही कामाचा हुक असेल तर इकडे आणा.

'प्री-कमिट' नावाचंच एक लोकप्रिय फ्रेमवर्कही आहे. वायएएमएल फाइलमध्ये टूल आणि त्यांची आवृत्ती लिहायची, बाकी ते बघतं. स्टेज न केलेले बदल बाजूला ठेवून तपासणी करण्याचं कामही ते नीट करतं. चांगलं आहे. पण 'कोअर.हुक्सपाथ' सेट असेल तर ते हुक बसवायला साफ नकार देतं, आणि पॅचसाठीचे हुक ते बसवत नाही. मेलने पॅच घेत असाल तर प्री-अप्लायपॅच हाताने लिहून त्यातून 'प्री-कमिट रन' चालवावं लागेल.

फ्रेमवर्क असो वा स्वतःची स्क्रिप्ट, फॉरमॅटरची आवृत्ती पक्की बांधून ठेवा. क्लँग-फॉरमॅटच्या दोन आवृत्त्या एकाच कॉन्फिगवर वेगवेगळं रूप देतात. एकाच्या मशीनवर बरोबर, दुसऱ्याच्या मशीनवर चूक, आणि मग दोघं आलटूनपालटून एकमेकांच्या ओळी बदलत राहतात. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच आवृत्ती तपासा आणि जुळत नसेल तर स्पष्ट सांगून थांबा.

हुक कुणीही 'गिट कमिट --नो-व्हेरिफाय'ने टाळू शकतो, आणि कधीकधी टाळायलाच हवा. रात्री अर्धवट काम बाजूच्या ब्रँचवर टाकून ठेवणाऱ्याला स्पेसवरून अडवण्यात अर्थ नाही. शिवाय साधं मर्ज प्री-कमिट चालवत नाही, त्याला 'प्री-मर्ज-कमिट' हा वेगळा हुक आहे, गिट २.२४ पासून. म्हणून खरा दरवाजा सर्व्हरवर हवा: सीआयमध्ये (कोड आला की आपोआप तपासण्या चालवणाऱ्या व्यवस्थेत) किंवा 'प्री-रिसीव्ह' हुकमध्ये, तीच स्क्रिप्ट दोन कमिट देऊन. प्री-रिसीव्हला जुना हॅश, नवा हॅश आणि रेफ (ब्रँच किंवा टॅगचं नाव) अशा ओळी मिळतात. नवी ब्रँच असेल तर जुना हॅश म्हणजे नुसती शून्यं असतात, तेवढं स्क्रिप्टने सांभाळायचं. एक निर्णय मात्र आधी घ्या: एकूण फरक तपासायचा की प्रत्येक कमिट? दुसऱ्या कमिटने घाण केली आणि तिसऱ्याने पुसली तर एकूण फरक स्वच्छ दिसतो. स्क्वॉश करून (सगळी कमिट एकात मिसळून) घेत असाल तर तेवढं पुरे. मालिका जशीच्या तशी घेत असाल तर 'गिट लॉग --चेक' कमिटगणिक तक्रारी दाखवतो, आणि 'गिट रिबेस --एक्झेक' तुमची स्क्रिप्ट प्रत्येक कमिटनंतर चालवून पहिल्या चुकीवर थांबतो. मात्र तेव्हा कमिट झालेलं असतं आणि इंडेक्स कोरा असतो, म्हणून स्क्रिप्टला 'हेड~१' आणि 'हेड' असे दोन कमिट द्यायचे. मोठी मालिका आली की मी ती वेगळ्या वर्कट्रीमध्ये (त्याच रेपोच्या दुसऱ्या कामाच्या फोल्डरमध्ये) लावतो आणि हा रिबेस चालवतो. मुख्य ब्रँचला तोवर हात लागत नाही.

शेवटी बहुतेक जण ठरवतात की एकदाच सगळा कोड फॉरमॅट करून टाकू. करा, पण ते कमिट निव्वळ फॉरमॅटिंगचं ठेवा, त्याचा हॅश '.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्हज' फाइलमध्ये लिहा आणि 'ब्लेम.इग्नोररेव्हजफाइल' तिच्याकडे वळवा. २०१९ च्या गिट २.२३ पासून ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटमधून आली ते दाखवणारी आज्ञा) अशी कमिट ओलांडून मागे बघू शकतो. राहतो प्रश्न तेव्हा वाटेत असलेल्या पॅचचा, कारण ते जुन्या रूपावर लिहिलेले असतात. त्यांच्याशी झगडत बसू नका. फॉरमॅटिंगच्या कमिटच्या लगेच आधीचं कमिट चेकआउट करा आणि पॅच तिथे लावा; तो सरळ लागेल. मग त्याच आवृत्तीचा फॉरमॅटर त्याच कॉन्फिगने अख्ख्या कोडवर चालवा आणि तात्पुरतं कमिट करा. आता फॉरमॅटिंगच्या कमिटवर या, 'गिट रीड-ट्री -यू --रीसेट'ला ते तात्पुरतं कमिट द्या, म्हणजे त्याची ट्री इंडेक्समध्ये आणि डिस्कवर येईल. मग मोठ्या अक्षरातल्या 'सी'चा पर्याय देऊन 'गिट कमिट' करा आणि त्याला मूळ पॅचचं कमिट दाखवा. लेखक आणि संदेश तसेच राहतात, फरकात फक्त त्या पॅचच्या ओळी दिसतात, आणि एकही कॉन्फ्लिक्ट सोडवावा लागत नाही. मालिका असेल तर जुन्या रूपातली रांग वेगळ्या ब्रँचवर ठेवा आणि एकेक पॅच असाच पलीकडे न्या.